बोलणारं करडू, ऐकणारा कुत्रा : ओठांचं काम सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ९० मिनिटांचा मराठी कौटुंबिक चित्रपट, शेतावरच्या प्राण्यांच्या मैत्रीचा. मुख्य जोडी म्हणजे एक काळं करडू आणि एक म्हातारा धनगरी कुत्रा. सोबत कोंबड्या, एक गाय, थोडी मेंढरं. सगळे एकमेकांशी बोलतात. प्राणी खरे घ्यायचे आणि तोंडं संगणकावर हलवायची, असं ठरलंय. चित्रीकरणाला ४५ दिवस आहेत. प्राणी किती लागतील, ओठ कसे बसवायचे, परवानग्यांचं काय, आणि पाहणाऱ्या मुलाला ही मैत्री खरी कशी वाटेल?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. करडू बोलतंय हे मूल पहिल्या दोन मिनिटांत मान्य करून टाकतं, त्यासाठी फार राबावं लागत नाही. पण समोरचा कुत्रा ते ऐकतोय, हे पटवायला मात्र खरा घाम गाळावा लागतो. असे बहुतेक प्रयत्न फसतात ते ओठ वाईट हलले म्हणून नाही. दोन प्राणी एकाच चौकटीत उभे असतात, दोघांची तोंडं हलतात आणि दोघेही भलतीकडेच बघत असतात, तिथे ते फसतात. म्हणून कामाचा क्रम पक्का धरा. आधी नजर, मग दोघांतलं अंतर, मग श्वास, आणि ओठ सगळ्यात शेवटी. बहुतेक नवख्या टीम पैसा आणि वेळ नेमका उलट्या क्रमाने खर्च करतात.

आता थोडा हिशेब. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ९० मिनिटांच्या १,२९,६०० फ्रेम होतात. त्यात ३० मिनिटं जरी तोंडं हलताना दाखवायची म्हटलं तरी ४३,२०० फ्रेममध्ये हाताने घालावी लागणारी तोंडं आली. चार सेकंदांच्या एका शॉटला ट्रॅकिंग (प्राण्याच्या डोक्याची हालचाल फ्रेमगणिक टिपणं), अ‍ॅनिमेशन, केस आणि कॉम्प (सगळे थर एका चित्रात जोडणं) मिळून एका अनुभवी माणसाचा आठवडा सहज जातो. त्यामुळे पटकथेवर लाल पेन घेऊन बसा आणि प्रत्येक संवादापुढे लिहा, की या वेळी कॅमेरा बोलणाऱ्यावर आहे की ऐकणाऱ्यावर. निम्म्याहून जास्त संवाद ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जायला हवेत. यात खर्च वाचतो हे खरं, पण त्याहून मोठा फायदा वेगळा आहे. करडू पडद्याबाहेरून काही सांगतंय आणि कुत्रा कान किंचित मागे घेऊन, मान वाकडी करून बघतोय, या एका शॉटमध्ये जेवढी माया येते तेवढी तोंड हलवून येत नाही.

प्राण्यांची संख्या वाढीच्या वेगावर ठरते. १९९५ सालच्या 'बेब' या चित्रपटाचं उदाहरण इथे कामाचं आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या रॉबर्टसन गावाच्या परिसरात तो चित्रित झाला, आणि पडद्यावर दिसणाऱ्या एका डुकराच्या पिल्लासाठी लार्ज व्हाइट जातीची ४८ पिल्लं वापरावी लागली. पिल्लू झपाट्याने मोठं होतं, काही आठवड्यांतच ते 'तेच पिल्लू' राहत नाही. सगळी एक दिसावीत म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर केसांचा सारखा झुबका लावलेला होता. जोडीला जिम हेन्सन यांच्या क्रीचर शॉप या बाहुल्यांच्या कार्यशाळेची यांत्रिक पिल्लं आणि ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीने संगणकावर हलवलेली तोंडं होती. या कामाला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं. त्यातून घेण्यासारखं हे की त्यांनी एका साधनाकडून सगळं करून घेण्याचा हट्ट धरला नाही. चालणं, पळणं, बघणं खऱ्या प्राण्याकडून घेतलं, नेमका धरून ठेवायचा हावभाव यंत्राकडून, आणि बोलणं संगणकाकडून.

करडू डुकराइतकं भराभर वाढत नाही, तरी उस्मानाबादी करडू जन्मताना सव्वादोन-अडीच किलोचं असतं आणि तीन महिन्यांत नऊ-दहा किलोंवर जातं. दीड-दोन महिन्यांत शिंगंही डोळ्यांत भरायला लागतात. पडद्यावर एकाच वयाचं दिसण्याची मुदत जेमतेम तीन-साडेतीन आठवडे. ४५ दिवसांचं चित्रीकरण सुट्ट्या धरून आठ आठवडे चालेल. म्हणजे करडांच्या तीन तुकड्या लागतील, प्रत्येकी पाच ते सहा. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा असतो, त्यामुळे हे नियोजन चित्रीकरणाच्या सहा-सात महिने आधी शेळीपालकाबरोबर बसून करायचं काम आहे. कोणत्या शेळ्या कधी फळवायच्या हे तेव्हाच ठरतं. उस्मानाबादी शेळीला जुळी होण्याचं प्रमाण चांगलं असल्यामुळे तुकडीमागे चार शेळ्या पुरतात, पण पाच धरा. प्रत्येक तुकडीतलं एक करडू धीट निघतं, एक झोपाळू, एक कायम उड्या मारणारं. त्यांच्यावर सारखं काम लादू नका. झोपाळू करडू जवळच्या बोलण्याच्या शॉटना ठेवा आणि उड्या मारणारं पळापळीला.

सगळी एका रंगाची घ्या. पांढरे ठिपके असलेली करडं फोटोत गोड दिसतात, पण दोन करडांचे ठिपके कधीच जुळत नाहीत. ओळखीची खूण हवी असेल तर गळ्यात जाडसर लाल दोरा आणि छोटी घंटा घाला, मात्र घंटेतला लोलक काढून ठेवा, नाहीतर प्रत्येक टेकचा आवाज वाया जाईल. घंटेचा आवाज नंतर वेगळा घेता येतो.

काळ्या रंगाची एक अडचण आधीच सांगतो. काळ्या केसांवर कॅमेऱ्याला धरायला काही मिळत नाही, तोंडाची रेघ दिसत नाही आणि ट्रॅकिंग करणाऱ्याला खूण सापडत नाही. त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, नेहमीपेक्षा अर्धा ते एक स्टॉप (उजेडाचं माप) चढं ठेवा, आणि कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूने, जबड्याच्या कडेवर हलका प्रकाश पाडा. उन्हात तो परतवायला साधा थर्माकोल पुरतो. नाकाच्या शेंड्यावरची ओलसर चमक, नाकपुड्यांच्या कडा आणि डोळ्यांचे कोपरे एवढेच बिंदू खात्रीचे असतात. ते प्रत्येक बोलण्याच्या शॉटमध्ये फोकसमध्ये असायलाच हवेत.

कंटिन्युटीच्या वहीत, म्हणजे शॉटमागून शॉट सगळं सारखं दिसावं म्हणून ठेवलेल्या नोंदींत, माणसांच्या चित्रपटात नसतात असे रकाने आखा. गाईची कास हा पहिला रकाना. सकाळी धारेआधी कास भरलेली असते, धार काढल्यावर सैल पडते. एकाच दृश्याचे दोन शॉट धारेच्या अलीकडे-पलीकडे घेतले तर शहरातल्या प्रेक्षकाला कळणार नाही कदाचित, पण गावाकडचं पोर लगेच बोट दाखवेल. दुसरा रकाना मेंढरांच्या लोकरीचा, कातरणी चित्रीकरणाच्या मध्ये येणार नाही हे मेंढपाळाला आधी विचारून घ्या. तिसरा कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा. बारा आकडी नोंदणीचा तो बिल्ला दिसायला नको म्हणून काढायला सांगणारे दिग्दर्शक असतात. तसं करू नका. बिल्ला ही त्या जनावराची सरकारी ओळख आहे. तो कथेतच राहू द्या, नाहीतर कॉम्पमध्ये पुसा. बोलणाऱ्या गाईच्या कानात बिल्ला असणं खरं तर छान दिसतं, तो तिच्या जगाचा भाग आहे.

कुत्रा मात्र शक्यतो एकच ठेवा, फार तर एक डबल. भूमिका म्हाताऱ्या कुत्र्याची असली तरी प्राणी पाच-सहा वर्षांचा, धडधाकट घ्या. खरोखर म्हातारा कुत्रा उन्हात थकतो, ऐकायला कमी आलेलं असतं आणि बसला की उठत नाही. तोंडावरची पांढुरकी छटा संगणकावर घालता येते, किंवा पशुवैद्याला दाखवून घेतलेला निर्धोक रंग हलक्या ब्रशने लावता येतो. मेंढरांसोबत वाढलेला कुत्रा असेल तर अर्धं काम झालं. शहरातल्या प्रशिक्षण केंद्रातला, फक्त माणसांत वाढलेला कुत्रा घेतला तर करडाच्या उड्या पाहून त्याचं शिकारी अंग जागं होऊ शकतं. तो हल्ला करेलच असं नाही, पण त्याची नजर ताठ होते, शरीर आखडतं, आणि कॅमेऱ्यात तो मित्र न दिसता दबा धरलेला दिसतो.

आता नजर, म्हणजे सेटवरच्या भाषेत 'लूक'. इथे थांबून नीट वाचा, कारण सगळी मैत्री इथेच घडते किंवा बिघडते. प्रत्येक प्राणी आपल्या शिकवणाऱ्याकडे बघतो. म्हणून करडाचा माणूस करडाच्या बाजूला आणि कुत्र्याचा माणूस कुत्र्याच्या बाजूला उभा केला, तर दोघे एकमेकांकडे पाठ फिरवून बघणार हे ठरलेलं. माणसं अदलाबदल करून उभी करा. डावीकडे करडू, उजवीकडे कुत्रा असेल तर कुत्र्याचा माणूस करडाच्या मागे, चौकटीच्या डाव्या कडेबाहेर. करडाचा माणूस कुत्र्याच्या मागे, उजव्या कडेबाहेर.

दोघांनी बसायचं किंवा आडवं व्हायचं. माणूस उभा राहिला तर कुत्र्याची नजर करडाच्या डोक्यावरून आभाळात जाते. खुणेचा हात करडाच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून ३५ ते ४० सेंटिमीटरवर हवा. बसलेल्या कुत्र्याचे डोळे साधारण ६० सेंटिमीटरवर येतात, म्हणून करडाच्या माणसाचा हात तिथे. हातांची उंची मोजपट्टीने मोजा, अंदाजाने नको. चार बोटांचा फरकसुद्धा पडद्यावर दिसतो.

यातला नेहमीचा घोटाळा खाऊ देताना होतो. कुत्र्याने चांगला लूक दिला, त्याच्या माणसाने तिथूनच खाऊ पुढे केला, कुत्रा खाऊकडे झेपावला, आणि मधलं करडू घाबरून पळालं. पुढचे दहा टेक ते करडू कुत्र्याकडे बघतच नाही. म्हणून कुत्र्याला सोडण्याचा शब्द वेगळा शिकवा आणि खाऊ मदतनिसाने मागून, कुत्रा बसलाय तिथेच द्यावा. करडाचा खाऊ म्हणजे हरभऱ्याएवढे मक्याचे किंवा पेंडीचे तुकडे, लसूणघासाची दोन-तीन पानं. पण तीन आठवड्यांच्या आतलं करडू खाऊसाठी काम करत नाही, ते फक्त दुधासाठी करतं. अशा वेळी शेळी कॅमेऱ्यामागे, करडाला दिसेल अशी उभी करतात आणि करडू एकटक तिकडे बघतं. ही युक्ती चालते, फक्त दोन-तीन मिनिटांपुरती, आणि शॉट संपला की करडू लगेच शेळीखाली सोडायचं. दूध तोडून, रडवून घेतलेली ओढ चित्रात ओढीसारखी दिसतच नाही. मान ताणलेली, तोंड सारखं उघडं आणि पाय थरथरत असतात. ते करडाला त्रासदायक आहे, आणि तोंड उघडं असल्यामुळे शॉटही निकामी होतो.

सराव एका वेळी पाच ते दहा मिनिटांचा, दिवसातून चार-पाच वेळा. जमिनीवर ठरलेल्या जागी थांबायला शिकवण्यासाठी लाकडाचा बुटका ठोकळा वापरा. करडाला उंचावर चढायला आवडतं, त्यामुळे ते दोन-तीन दिवसांत शिकतं. पुढे ठोकळ्याची उंची कमी करत न्या आणि शेवटी गवताखाली सपाट फळी ठेवा. करडाला फळीचा स्पर्श पायाला ओळखू येतो.

दोघांची ओळख करून द्यायला जवळिकीची दृश्यं घेण्याआधी निदान तीन आठवडे द्या. पहिला आठवडा मध्ये तारेची जाळी. दुसरा आठवडा कुत्रा पट्ट्याला, करडं मोकळी. तिसऱ्या आठवड्यात दोघं मोकळे, पण जेवण वेगळं. याचा एक फायदा सहसा कोणी घेत नाही. कथेत सुरुवातीला ते अनोळखी आहेत ना? मग ती दृश्यं ओळख पक्की होण्याआधी, पहिल्या तुकडीबरोबर उरकून घ्या. अनोळखी करडू कुत्र्यापासून तीन मीटरवर आपोआप थांबतं, मान पुढे आणि पाय मागे ठेवतं. असा अभिनय शिकवून येत नाही. अंगाला अंग लावून झोपण्याचा शॉट मात्र सर्वांत रुळलेल्या करडाबरोबर, दुपारच्या झोपेच्या वेळी, कॅमेरा आधीच लावून आणि माणसं कमी करून घ्यायचा.

दोन चेहरे सारखे बोलके नाहीत, हेही लक्षात असू द्या. कुत्र्याच्या भुवईच्या आतल्या टोकाला उचलणारा स्नायू असतो, त्यामुळे त्याच्या डोळ्यांत काळजी दिसते. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते आणि मान खाली घातली तरी डोळा फिरून ती जमिनीला समांतर राहते. गवत खातानाही सगळीकडे लक्ष राहावं म्हणून निसर्गाने तशी सोय केली आहे. पण त्यामुळे करडू नेमकं कुठे बघतंय हे प्रेक्षकाला डोळ्यांवरून कळत नाही, नाकाच्या दिशेवरून कळतं. म्हणून करडाचा लूक नाकाने ठरवा. संगणकावर त्याच्या डोळ्यांत माणसासारखी गोल बाहुली घालण्याचा मोह होईल, तो टाळा. ते करडू राहत नाही. कथेतलं भावनेचं ओझं कुत्र्याच्या चेहऱ्यावर टाका आणि करडाला शरीर द्या : उडी, थबकणं, धडक, शेपटीची थरथर.

चित्रीकरणात कॅमेरा प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीला असायला हवा. म्हणजे करडासाठी ४० सेंटिमीटरवर. गोठ्याचा सेट उभारणार असाल तर जमीन सरळ तीन फूट उंच फळ्यांवर बांधा. कॅमेरामनला आठ आठवडे पालथं पडून काम करावं लागणार नाही, शिवाय यांत्रिक डोकं वापरायचं असेल तर हलवणारी माणसं फळ्यांखाली बसू शकतात. फळ्यांवर मातीचा दोन इंची थर आणि वर काड टाका, म्हणजे पावलांचा पोकळ आवाज येणार नाही. बाहेर शेतात खड्डा खणून कॅमेरा त्यात उतरवा.

बोलण्याचा शॉट घेताना प्राण्याचं तोंड बंद हवं. ऐकायला उलटं वाटेल, पण बंद तोंड संगणकावर उघडणं सोपं असतं, उघडं तोंड आधी बंद करून मग हलवणं फार जड जातं. धापा टाकणारा कुत्रा हा यातला सगळ्यात महागडा शॉट. लोंबणारी, हलणारी जीभ पुसायची, तिच्यामागची मान आणि छाती नव्याने घालायची, आणि मग बोलायला लावायचं. उपाय साधा आहे. कुत्र्याचे संवाद सकाळी साडेनऊच्या आत घ्या, सावलीत घ्या, आधी पळवू नका, पाणी सतत ठेवा. महाराष्ट्रात अशा कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. मार्चनंतर धाप थांबत नाही.

तोंडासमोर काडी, गवताचं पातं, माशी किंवा दोरीचं टोक येऊ देऊ नका. प्रत्येक काडी म्हणजे पुसण्याचा एक दिवस. डोकं कॅमेऱ्याकडे साधारण ४५ अंशांत वळलेलं असेल तर उत्तम. समोरून घेतलं तर करडाचा जबडा उघडलेला दिसतच नाही, अगदी बाजूने घेतलं तर पेटीचं झाकण उघडल्यासारखा दिसतो. प्रत्येक मांडणीनंतर त्याच जागी एक राखाडी आणि एक चकचकीत असे दोन गोळे धरून दोन-दोन सेकंद चित्रित करा, म्हणजे संगणकावर तिथला प्रकाश जुळवता येतो, लेन्स, अंतर आणि कॅमेऱ्याची उंची पाटीवर लिहा, आणि प्राणी बाहेर काढून रिकामी जागाही घ्या. कोंबडीची पिल्लं आणि मांजर एका चौकटीत हवी असतील तर ती वेगवेगळी घेऊन जोडा. कॅमेरा अजिबात हलवू नका, तिवईच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवा, आणि दोन्ही भाग पाच-सात मिनिटांत उरका, नाहीतर सावल्या जुळत नाहीत.

आता ओठ. आवाज आधी रेकॉर्ड करा, अ‍ॅनिमेशन त्यावर करा. उलटं केलंत तर कलाकार हलणाऱ्या तोंडामागे धावतो आणि संवाद मरतो. बोलताना मराठी साधारण सेकंदाला सहा अक्षरं जाते, म्हणजे एका अक्षराला चार फ्रेम. प्रत्येक अक्षराला जबडा उघडला तर करडू थंडीने कुडकुडल्यासारखं दिसतं. एक वाक्य घेऊ : 'मला भीती नाही वाटत.' नऊ अक्षरं, ३६ फ्रेम. 'म'ला ओठ दोन फ्रेम पूर्ण मिटवा, 'ला'ला जबडा चांगला खाली. 'भी'च्या आधी पुन्हा दोन-तीन फ्रेम मिटलेले, आणि 'भीती' ही एकच अरुंद उघड, कोपरे किंचित मागे ओढलेले. 'नाही' ही दोन अक्षरं एकाच हालचालीत. 'वाटत'ला शेवटचं उघडणं आणि सावकाश मिटणं. नऊ अक्षरांना जबडा चारदाच खाली गेला, आणि पाहणाऱ्याला सगळं वाक्य बोलल्यासारखं वाटतं.

प, फ, ब, भ, म यांना ओठ मिटले नाहीत तर चूक लगेच डोळ्यात भरते. ओ आणि ऊ यांना ओठांचा पुढचा भाग थोडा पुढे काढा. ट, ठ, ड, ण, ळ जिभेने आत घडतात, त्यांच्यासाठी ओठांना वेगळा आकार करू नका. त, न, ल यांना जिभेचं टोक फ्रेमभर चमकलं तर पुरे. ओठांची हालचाल आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी सुरू व्हावी. एकूण आठ-दहा आकारांत करडाचं भागतं. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं आणि 'आहे', 'नाही' हे शब्द आपण बोलताना गिळतो, त्यामुळे वाक्याच्या शेवटी जबडा मोठा उघडू नका, नाहीतर प्रत्येक वाक्य भाषणासारखं वाटेल.

ओठांपेक्षा श्वास महत्त्वाचा. वाक्याआधी सहा-आठ फ्रेम नाकपुड्या किंचित फुलू द्या, गळा हलू द्या. वाक्यानंतर अर्धा सेकंद तोंड मिटून नजर तिथेच ठेवा. संपादक हा अर्धा सेकंद कापायला बघेल, त्याला कापू देऊ नका.

दातांबाबत एक चूक वारंवार दिसते. शेळी, मेंढी आणि गाय यांना वरचे पुढचे दात नसतातच, तिथे टणक हिरडी असते. पुढचे आठही दात खालच्या जबड्यात. तिथे माणसासारखी वरची दंतपंक्ती घातली की करडू हसताना भीतिदायक दिसतं, आणि लहान मुलं नेमकं काय खटकतंय हे न सांगता आईच्या मागे लपतात. काळ्या करडाच्या तोंडाची आतली त्वचाही पुष्कळदा काळपट असते, ती गुलाबी करू नका. कुत्र्याच्या तोंडाचा कोपरा पार मागे जातो, तो पूर्ण उघडला तर भुंकल्यासारखं किंवा अंगावर आल्यासारखं वाटतं. बोलण्यासाठी पुढचा दोन-तृतीयांश भागच हलवा. गाईला तर रवंथाची देणगीच आहे. ती सेकंदाला साधारण एकदा, आडवा जबडा फिरवत चावते. दोन चावण्यांच्या मध्ये एकेक छोटं वाक्य बसवलं की ती निवांत, शहाणी बाई वाटते. चिकट खाऊ देऊन तोंड चाळवायला लावण्याची जुनी पद्धत मात्र वापरू नका. त्यात ओठ मिटत नाहीत, प, ब, म कधीच जुळत नाहीत, आणि जनावराला घास लागण्याची भीती असते.

आवाजासाठी प्रसिद्ध नावापेक्षा श्वासावर ताबा असलेला कलाकार निवडा. दोघांना एकाच वेळी, एकाच खोलीत बसवून रेकॉर्ड करा. एकमेकांच्या बोलण्यात येणारे हुंकार वेगवेगळं रेकॉर्ड करून मिळत नाहीत. प्रत्येक प्राण्याला एकेक बोली वाटून हशा मिळवण्याच्या फंदात पडू नका. एका वाडीतले प्राणी एकाच वाडीची भाषा बोलतील. मराठीत मैत्रीची पायरी दाखवायला फार सुंदर सोय आहे ती वापरा. करडू कुत्र्याला आधी 'अहो' म्हणेल, आणि एका प्रसंगात नकळत 'अरे' म्हणून जाईल. त्या क्षणी कॅमेरा कुत्र्यावर असू द्या.

परवानग्या लवकर सुरू करा. चित्रपटात प्राणी वापरायचे तर २००१ च्या नियमांनुसार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी आणि चित्रीकरणाआधीची परवानगी लागते. अर्जात प्राण्याची जात, वय, प्रकृती, नेमकं काय करून घेणार, किती वेळ, कोणत्या पद्धतीने शिकवणार हे लिहावं लागतं आणि पशुवैद्याचा दाखला जोडावा लागतो. चित्रीकरणानंतर मंडळाचं ना-हरकत प्रमाणपत्र नसेल तर सेन्सॉरचं काम अडतं. हातात निदान दोन-तीन महिने ठेवा. गुंगीची औषधं, आगीजवळ काम, स्फोटाचे आवाज हे सगळं निषिद्ध आहे.

पटकथेत बैल असेल तर लिहिण्याआधीच मंडळाला विचारा. २०११ च्या अधिसूचनेने करमणुकीसाठी शिकवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्यासोबत बैलही आला आहे. पोपट आणि मोर वन्यजीव कायद्याखाली येतात, ते पूर्ण संगणकावरच करा. आणि संगणकावर केलेल्या प्राण्याचेही टप्प्याटप्प्याचे तुकडे जपून ठेवा, तो खरा नव्हता हे दाखवावं लागतं.

वेगवेगळ्या गावांतून जनावरं एकत्र आणताना आधी दोन ते तीन आठवडे वेगळी ठेवा. शेळ्या-मेंढ्यांना पीपीआर (त्यांचा एक साथीचा रोग) आणि आंत्रविषाराची लस, गाईला लाळ्या-खुरकूत आणि लंपीची, कुत्र्याला रेबीजची झालेली आहे याचे दाखले फाइलमध्ये हवेत. एका करडाला हगवण लागली की तुकडीतली बाकीचीही दोन दिवसांत बसतात. म्हणून तुकड्या एका गोठ्यात मिसळू नका आणि दुधाची भांडी वेगळी ठेवा. पशुवैद्य रोज सेटवर हवा, फक्त फोनवर असून भागत नाही.

शेवटचा मुद्दा कराराचा. पंधरा-अठरा करडं घेतलीत तर त्यातली निम्मी बोकडं असणार, आणि चित्रीकरण संपल्यावर ती मालकाकडे परत गेली की बाजाराची वाट धरतात. मालकाच्या दृष्टीने त्यात वावगं काही नाही, तो त्याचा व्यवसाय आहे. पण दोन महिने हाताने दूध पाजलेली माणसं तेव्हा कोलमडतात, आणि चित्रपट पाहून आलेलं मूल पहिला प्रश्न हाच विचारतं की ते करडू आता कुठे आहे. म्हणून करडं भाड्याने न घेता विकत घ्या. ती पुढे कोणाकडे जाणार, तिथे त्यांच्या वैरणीचा निदान पहिल्या वर्षाचा खर्च कोण देणार, हे पहिल्या तुकडीचा जन्म होण्याआधी कागदावर लिहून सह्या करून ठेवा.